अर्णवच्या नावापुढची कोरी जागा

मी बोलतोय, साळव्यांच्या घरचा पवित्र शास्त्राचा ग्रंथ, म्हणजे बायबल. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचा, पाठीला चिकटपट्टी लावलेला. जन्म छापखान्यातला, पण वाढलो अहमदनगरच्या हरिदास साळव्यांच्या मांडीवर. त्यांचा मुलगा गुणवंत दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत लागला, तेव्हा लोणच्याच्या बरणीशेजारी ट्रंकेत बसून मीही आलो.

या घरची एक रीत आहे. माझ्या पहिल्या पानावर प्रत्येकाची नोंद करायची: जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि शेवटी 'प्रभूमध्ये निजले' ती तारीख. ती घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, म्हणजे माणूस देवाच्या हवाली केला. हरिदासांची तारीख गुणवंतने लिहिली, वळणदार अक्षरात, डोळे पुसत.

अर्णवची मात्र लिहिली नाही. गुणवंत आणि मीनाक्षीचा हा थोरला, एकोणीस वर्षांचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. रुग्णालयातून थेट कब्रस्तानात. बापाला लांब उभं केलं, चेहराही दिसला नाही. "मी बघितलंच नाही, तर लिहू कसं?" असं म्हणून गुणवंतने मला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकलं. देवाशी अबोला धरला. खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. माझ्या पानांत देवाशी भांडलेली माणसं काही कमी नाहीत.

पाच वर्षं धूळ खाल्ली. मीनाक्षी अधूनमधून मला खाली काढायची आणि येशूचा प्रेषित पौल, त्याची गोष्ट वाचायची. पौलाच्या अंगात काटा सलत होता. काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं. देवाने काढला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच म्हणाला. "काटा ठेवला, पण हात सोडला नाही," असं ती स्वतःशी पुटपुटायची आणि मला परत वर ठेवायची.

आज ती फरीदाबादच्या एका रुग्णालयात आहे. हृदयाची झडप बदलायची आहे, नऊची वेळ. डॉक्टरांनी धोका लपवला नाही. तिच्या सांगण्यावरून लेक सृष्टी मला घेऊन आली.

साडेआठला मीनाक्षीने मला गुणवंतच्या हातात दिलं. "अहो, अर्णवची तारीख लिहा."

"आत्ता? तू बाहेर ये, मग लिहितो, बिल्कुल."

"ऑफिसात एक फाइल पेंडिंग ठेवत नाही तुम्ही. ही पाच वर्षं अडलीय. मी परत आले नाही, तर दोघांचीही जागा कोरी ठेवाल. ओळखते मी तुम्हाला."

"मम्मी, असं नको ना बोलू यार," सृष्टी रडकुंडीला आली.

दारातून नर्सची हाक आली, "मॅडम, दस मिनट में चलना है."

गुणवंतने पेन उघडलं. ते माझ्या पानाला टेकलं आणि तिथेच थांबलं. त्याच्या बोटांचा घाम मला लागला. हा पठ्ठ्या आता मला मिटतो की काय!

"मीना, मी त्याला तिथे एकटा सोडला गं."

"तुम्हाला आत जाऊ दिलं नाही," ती धापा टाकत म्हणाली. "देवाला कोण अडवणार होतं?"

गुणवंतने खाली वाकून लिहिलं: 'अर्णव गुणवंत साळवे, प्रभूमध्ये निजला, ३ मे २०२१.' अक्षरं वाकडीतिकडी, शेवटचं तर पार फिसकटलेलं.

मीनाक्षीने त्यावरून बोट फिरवलं. "काय हो हे अक्षर," म्हणाली आणि हसली. स्ट्रेचर आत गेलं.

आता अकरा वाजून गेलेत. दार बंद आहे. सृष्टी अडखळत पौलाची गोष्ट वाचून थकली. मी गुणवंतच्या मांडीवर पहिल्या पानाशी उघडा आहे. पाच वर्षांनी तो देवाशी बोलतोय, तेही भांडूनच. त्याने अंगठा मीनाक्षीच्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर घट्ट दाबून धरलाय.

मी आजवर पुष्कळांच्या तारखा सांभाळल्या. काटा राहिला तरी कृपा पुरते, हे माझ्याच पोटात लिहिलंय. तरीही देवा, आज मीच मागतो: गुणवंत हा अंगठा उचलेल, तेव्हा खाली कागद कोराच असू दे.