अंगणभर गालिचे

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे आणि माझा निरोप समारंभ नुकताच रद्द झाला आहे.

एकोणीस वर्षे मी वरून देशाची शेते, जंगले आणि धरणे टिपतो आहे. उमेदीच्या काळात माझे फोटो मोठमोठ्या कचेऱ्यांत भिंतीवर लागत. पुढे अंगाची कुरकुर सुरू झाली आणि जमिनीवरच्या आमच्या नियंत्रण केंद्रात माझे नाव ‘म्हातारा’ पडले. तिथे माझे काम पाहणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. ती मात्र रोज सकाळी पहिला संदेश मलाच पाठवते.

मग दहा छोटे उपग्रह आले. पोरे भलतीच चुणचुणीत. केंद्राच्या आवारात एक मोठे पांढरेशुभ्र अंगण आहे. ते किती पांढरे दिसते, यावरून आम्ही आपापली नजर तपासतो. ते काळपट दिसले, तर नजर मंदावली असे समजून ती वाढवायची. माझी नजर मावशी वही उघडून, दहादा विचार करून बदलते. पोरे आपली आपण, तिथल्या तिथे बदलून मोकळी होतात.

ज्या दुपारी मला बंद करून पोरांच्या हाती कारभार द्यायचा होता, त्याच सकाळी त्यांनी कळवले की, भर उन्हाळ्यात डोंगरांवर बर्फ पडला आहे. केंद्राच्या साहेबांची गाळण उडाली. बर्फ वितळून पूर येणार, तेव्हा धरणाचे दरवाजे उघडा, असे सांगायला त्यांनी फोन उचलला. उन्हाळाभराचे पिण्याचे पाणी वाहून जाणार होते. माझा जीव टांगणीला लागला. तसा मी कायम टांगलेलाच असतो म्हणा.

“साहेब, जरा थांबा. म्हाताऱ्याला विचारू,” मावशी म्हणाली.

“अहो, दहा जण एकच सांगताहेत. हा एकटा काय वेगळं सांगणार?”

“दहा मिनिटांत डोक्यावर येतोय तो. बघू तर.”

मी डोंगर पाठवले, बोडके आणि तपकिरी. सोबत अंगणही पाठवले, तेही तपकिरी. मावशीने खिडकीचा पडदा सारला. सभागृहातले सगळे तपकिरी गालिचे धुऊन अंगणभर वाळत घातले होते.

“दुपारच्या निरोपाच्या कार्यक्रमाला गालिचे स्वच्छ हवेत, असं तुम्हीच म्हणालात ना?” अंगणातून सफाईचा मुकादम म्हणाला. “एवढी स्वच्छ जागा अख्ख्या आवारात नाही, साहेब.”

अंगण काळवंडलेले पाहून पोरांना वाटले, आपलीच नजर मंदावली. दहाही जणांनी ती इतकी वाढवली की उघडा खडकसुद्धा पांढरा दिसू लागला. माझी नजर मावशीच्या हाती, म्हणून ती होती तशीच राहिली. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि मला वर्षभराची मुदतवाढ दिली.

मित्रांनो, पोरे माझ्याहून हुशार आहेत. उद्याचा देश तीच पाहणार, याचा मला आनंदच आहे. फक्त जुन्याला निरोप देण्याआधी त्याला काही दिवस नव्यांच्या शेजारी बसवा आणि दोघांना सारखेच दिसते ना, ते बघा. माझे इंधन संपत आले आहे. एक दिवस बटण दाबावेच लागेल. ते मावशीने दाबावे, आणि दाबण्यापूर्वी खिडकीतून एकदा अंगणात डोकावावे.