इस्त्रीच्या टेबलावरची चाल

सरांनी अट घातली ती अगदी गोड आवाजात. हॉल त्यांच्या संस्थेचा, मग गोड बोलायला त्यांचं काय जात होतं? "कार्यक्रम तुमचा, सगळी गाणी बायकांनी बांधलेली, छानच आहे. पण शेवटचं गाणं माझ्या पुस्तकात माझ्या नावावर छापलंय. तेव्हा माझं नाव घ्या, नाहीतर दुसरा हॉल बघा."

आता बोला. बत्तीस बायकांनी घरदार, नोकऱ्या सांभाळून वर्षभर बायकांच्याच चाली बसवायच्या, आणि शेवटी नाव कुणाचं, तर सरांचं.

ती चाल होती वृंदातल्या सगळ्यांत धाकट्या गायिकेच्या, धाकटीच्या, आईची. घरचं इस्त्रीचं दुकान. आई टेबलाच्या एका बाजूला इस्त्री धरून, धाकटी दुसऱ्या बाजूला कपडा धरून, असंच तिचं लहानपण गेलं. गाणं तिथेच तयार झालं. त्यात सूर्याची विनवणी होती, आता तरी ये म्हणून, कारण ढगाळ दिवसांत कपडे वाळत नसत. प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीनंतर गाणं चार मात्रा थांबायचं. आई इस्त्री उचलून म्हणायची, "पलट." धाकटी बाही पलटायची, की गाणं पुढे सुरू. पंचवीस वर्षांपूर्वी आई हौसेने सरांच्या गायनवर्गात गेली, चाल म्हणून दाखवली आणि सरांनी ती लिहून घेतली. पुढे पुस्तक आलं. आई म्हणाली, "जाऊ दे, दुसरी बांधीन." त्यानंतर तिने एकही बांधली नाही.

धाकटीने मात्र ते जाऊ दिलं नव्हतं. आता आईचा एक कान पार गेला होता आणि दुसरा चालला होता. आईची चाल आईच्या नावाने तिला एकदा ऐकवायची, तर ती याच वर्षी. पुढच्या वर्षी ऐकवून काय उपयोग?

वृंद बसवणाऱ्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिकिटं खपलीत गं. या वेळी गिळू या." वृंदातल्या नर्सने मान खाली घातली, टपालवालीनेही. धाकटीने गिळलं, पण ते घशातच अडकून बसलं.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल खच्चून भरला. आई पहिल्या रांगेत, बरा कान मंचाकडे करून बसली. गाण्यांमागून गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि शेवटच्या गाण्याआधी सर स्वतः माईकपाशी आले. म्हणे प्रस्तावना.

"ही माझी चाल. प्रियकराची वाट पाहणारी स्त्री गातेय. तिसऱ्या ओळीनंतर मी चार मात्रा मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. तो विरहाचा उसासा आहे. ऐकताना डोळे मिटा."

लोकांनी खरंच डोळे मिटले. सर मंचावरच खुर्चीत बसले. पहिलं कडवं सुरू झालं, तिसरी ओळ संपली, गाणं थांबलं. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आई म्हणाली, "पलट."

धाकटीचा हात आपोआप फिरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी दारातल्या माणसाला खूण केली, "आजींना जरा बाहेर न्या."

तो माणूस आईच्या खुर्चीपाशी पोचला, तशी धाकटी रांग सोडून पुढे आली. "आईला हात लावायचा नाही. चाल तिची आहे. उसासाबिसासा काही नाही, तिथे बाही पलटायची असते. सगळ्यांनी डोळे उघडा आणि बघा."

तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी एक क्षण सरांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे सरळ पाठ केली आणि दुसऱ्या कडव्यासाठी हात उचलला. तिसरी ओळ आली, संपली. बत्तीस बायका एका दमात म्हणाल्या, "पलट," आणि बत्तीस हात फिरले. प्रेक्षकांत मागे बसलेल्या दोन धोबिणींचेही फिरले, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सर उठून उभे राहिले. "हा काय तमाशा आहे? विरहाच्या गाण्याचा सत्यानाश केलात."

आईने कानामागे हात धरला. "काय म्हणतायत?"

"विरहाचं गाणं म्हणतायत," शेजारच्या बाईने कानात ओरडून सांगितलं.

"कसला विरह?" आई म्हणाली. "नवरा शेजारीच कोळसे फुंकत होता."

सगळा हॉल खो खो हसत सुटला. सर उपरणं सावरत बाजूच्या दाराने निघून गेले. मास्तरीणबाईंनी माईक ओढून घेतला आणि आईचं नाव घेतलं, माहेरच्या आणि सासरच्या आडनावांसकट, सावकाश, दोनदा. आईला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. तिने पदराने डोळे पुसले.

"पुन्हा पहिल्यापासून म्हणतो आम्ही," धाकटी म्हणाली.

"म्हणा," आई म्हणाली, "पण दुसरं कडवं पळवू नका. कॉलर नीट बसत नाही मग."