आडनाव एक, धंदे वेगळे

मी एक काळा गोळा बोलतोय. लहान लिंबाएवढा, प्लॅस्टिकचा, अंगाला चार भोकं. मला पाहून कुणी म्हणतं खेळण्यातला असेल, कुणी म्हणतं कुठल्या यंत्रातून निखळलाय. खरं तर मी कार्बनचा अणू आहे. म्हणजे अणू नव्हे, अणूचं सोंग. खरा अणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्हाला कामाला लावलं.

साच्यातून निघालो तेव्हा आम्ही पुष्कळ भावंडं होतो. कार्बन म्हणजे कोळसा, म्हणून आमचा रंग काळा. पांढरे गोळे हायड्रोजनचे, तांबडे ऑक्सिजनचे. भोकात काडी खोचायची, काडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा गोळा बसवायचा, की झाला रेणू. पांढऱ्याला भोक एकच. एका कुणाचा हात धरला की त्याचं भागलं. मला मात्र चौघं लागतात.

आमची पेटी एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात आली आणि मॅडमच्या हाती पडली. त्या सेंद्रिय रसायन शिकवायच्या. काय दिवस होते ते! कधी मी लांबलचक साखळीत मधोमध असे, कधी कड्यात. सहा काळ्या गोळ्यांचं कडं जरा वाकवलं की खुर्चीसारखा आकार होतो, त्याला खुर्चीच म्हणतात. खुर्ची मिळाली की माणसाचं जे होतं तेच माझंही झालं. वाटलं, ही आता जन्मभराची.

मग पडद्यावर फिरणारे रेणू आले. ते निखळत नाहीत, हरवत नाहीत. आमची पेटी कपाटावर गेली आणि पेटीतून एकेक जण जाऊ लागला. पांढरे आधी गेले, काड्या मोडल्या. शेवटी पेटीत मी उरलो आणि झाकणाचा एक तुकडा.

मॅडमचंही तसंच काहीसं चाललं होतं. बरोबरीचे निवृत्त झाले होते, नवे आपापल्या यंत्रांत गुंग होते. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी उशिरापर्यंत विभागातच बसत. त्यांनी एक नवा वर्ग काढला होता, पुढे शाळेत शिक्षक होणाऱ्यांसाठी. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायच्या. डावीकडे कॉलेजात जे शिकलो ते, उजवीकडे शाळेच्या इयत्तेत मुलांना जे कळायला हवं ते. डावीकडे साबणाच्या रेणूची लांब शेपटी, उजवीकडे ‘सातवी : साबणाने तेलकट डाग का जातो?’ मग डावी बाजू पुसून टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता सांगा."

विभागातले लोक चहा पिताना हसायचे. "एवढी संशोधनं करून मॅडम आता सातवीत बसल्या!"

वर्गातली मुलंही कुरकुरायची. "मॅडम, शाळेत हे अभिक्रियेचे बाण, हे बंध कोण विचारतंय? मग आम्ही कशाला शिकायचं?" आणि ज्यांना बाण आवडायचे ती म्हणायची, "मग शाळेचं कशाला?" करता करता वर्ग रोडावला आणि शेवटी एकच मुलगी उरली. तिला सगळे पोपट म्हणत. कुठलीही अभिक्रिया विचारा, डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायची. विभागप्रमुखांनी मॅडमना बजावलं होतं, "ही मुलगी पास होऊन शिक्षिका झाली तर तुमचा वर्ग ठेवण्याचा विचार करू. नाहीतर बंद." मॅडमनी ते पोपटला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. दुसरं होतंच कोण?

पास व्हायचं म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, परीक्षकांच्या देखत पाठ घ्यायचा. पोपट गेली आठवीच्या वर्गावर. परत आली ती रडतच.

"काय झालं गं?" मॅडमनी खुर्ची पुढे केली.

"मॅडम, माझं हसं झालं. मी व्याख्या सांगितली. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचा अभ्यास. तर एक मुलगी उठली. म्हणाली, बाई, आमची आई सेंद्रिय भाजी आणते. जास्त पैसे देऊन. कारण तिच्यात केमिकल नसतं. मग सेंद्रिय रसायन म्हणजे केमिकल नसलेलं केमिकल का?"

"मग?"

"मग काय? अख्खा वर्ग हसला. मी पुन्हा व्याख्याच म्हटली. ती म्हणाली, बाई, हे तुम्ही मघाशीच सांगितलंत. परीक्षकांनी लिहिलं, विषय येतो, शिकवता येत नाही. मागून एक जण म्हणालासुद्धा, बाईंचा पोपट झाला!"

पोपटाचाच पोपट झाला म्हणताना तिला रडता रडता हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "एकदा परत संधी देणार आहेत. पण मी नाही जाणार. मला नाही जमायचं, मॅडम."

मला वाटलं मॅडम समजूत घालतील. त्या तर उठून उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"केमिकल नसलेलं केमिकल! असं म्हणाली ती? कोण मुलगी? कुठे बसते?"

"मॅडम, तुम्हाला हसू येतंय?"

"अगं, हसू नाही. उभा जन्म मी सेंद्रिय सेंद्रिय करत आले. कॉलेजातल्या एकानेही मला हे विचारलं नाही. सगळ्यांनी व्याख्या उतरवून घेतली. चल, काय उत्तर द्यायचं आपण?"

"तुम्हाला माहीत असेल ना."

"मला तुला सांगायचं उत्तर माहीत आहे. तिला सांगायचं नाही."

दोघी फळ्यापाशी गेल्या. मॅडमनी नेहमीची रेघ मारली. डावीकडे लिहिण्यासारखं खूप होतं, उजवी बाजू कोरी. त्यांनी शब्दच फोडला. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसह, जिवंत शरीराचं. पूर्वी लोक समजत, साखर, तेल, आम्लं असले पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात, म्हणून ते सेंद्रिय. पुढे ते काचेच्या भांड्यातही करता आले, त्या सगळ्यांत कार्बन असतो हेही कळलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि पालापाचोळा, शेण कुजवून केलेलं खत, तेही जिवंताकडून आलेलं, म्हणून तेही सेंद्रिय.

पोपट कोऱ्या बाजूपाशी सरकली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे चुलत भाऊ आहेत, मॅडम. एक शेतावर गेला, एक प्रयोगशाळेत. आडनाव एक, धंदे वेगळे."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "हे मला नसतं सुचलं," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी मला पेटीतून काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने मूठ मिटली. किती दिवसांनी कुणी मला धरलं होतं!

दुसऱ्या पाठाला, त्याच आठवीच्या वर्गावर, पोपटने व्याख्या म्हटलीच नाही. मला पहिल्या बाकावर दिलं आणि म्हणाली, "याच्याबद्दल काहीतरी सांगा आणि पुढे द्या." मी हातोहात फिरलो. कुणी भोकातून पलीकडे बघायचा प्रयत्न केला, कुणी हुंगलं. "बाई, चार भोकं आहेत." "कशाला असतील?" "काहीतरी खोचायला." मुलांनी मातीच्या गोळ्या वळल्या, झाडूच्या काड्या आणल्या, आणि बघता बघता माझे चारही हात भरले. "हा मिथेन, गोबरगॅसमधला वायू," पोपट म्हणाली. मग चुलत भावांची गोष्ट सांगितली. "भाजीत केमिकल नसतं असं नाही. भाजी स्वतःच केमिकल आहे, पाणीही आहे, तुम्हीसुद्धा. आई जास्त पैसे देते ते खत कुठलं आणि फवारा कसला यासाठी."

ती आधीची मुलगी उठली.

"बाई, म्हणजे किडे मारायच्या औषधातही हा काळा असतो?"

"बहुतेक औषधांत असतो."

"म्हणजे ते औषधही सेंद्रियच? मग आईला मी काय सांगू?"

पोपट हसली. "मला नीट माहीत नाही गं. आईला उद्या घेऊन ये, तिघी मिळून ठरवू." परीक्षक मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. पोपट पास झाली.

तिला लगेच नोकरी लागली, दूरच्या शाळेत. निरोप घ्यायला आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गोळा ठेव तुझ्याकडे. उपयोगी पडेल."

"नको, मॅडम. तिकडे मुलं मातीचे करतील. हा तुमच्यापाशी राहू दे. सोबतीला." ती वाकून पाया पडली आणि वळून न बघता गेली. बघितलं असतं तर गाडी चुकली असती.

विभागप्रमुखांनी विचार केला. विचार असा झाला की वर्ग छान होता, पण आता विद्यार्थी कुठे आहेत? रेघेचा फळा पुसला गेला. मॅडम निवृत्त झाल्या आणि मला पर्समध्ये टाकून घरी घेऊन आल्या.

आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असतो, मिठाच्या बरणीशेजारी. चारही भोकांत धूळ साठलीय. त्या एकटीचंच ताट वाढतात. जेवता जेवता मला बोटांनी फिरवतात आणि मधूनच म्हणतात, "साबणाने तेलकट डाग का जातो रे?" मला उत्तर येतं, पण तोंड नाही. त्या मग ताट उचलतात.

पोपट सुरुवातीला फोन करायची. हल्ली करत नाही. तिला राग नाही, वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं आता अडत नाही. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं, असं लोक म्हणतात. या घरात राहून बघा म्हणजे कळेल काय हवं ते.

म्हणून तुम्हाला एकच सांगायचंय. तुम्हाला कुणी मनापासून शिकवलं असेल आणि ते माणूस अजून असेल, तर त्याला फोन करा. तब्येत विचारू नका, ती सगळेच विचारतात. एखादी शंका विचारा. उत्तर माहीत असलं तरी विचारा.