माथ्याआधीची हाक

भोंग्यावर मी डूख धरला होता आणि त्या डुखाला रोज दूध पाजून वाढवलं होतं.

भोंगा म्हणजे आमच्या घाटगाडीचा ड्रायव्हर. आवाज असा की इंजिनाला वेगळी शिट्टी कशाला बसवली, असा प्रश्न पडावा. पूर्वी तो माझ्या थोरल्या भावाचा फायरमन होता. नंतर दादा शेडमध्ये राखेच्या खड्ड्यात फावडं मारायचा, भोंगा इंजिन चालवायचा आणि मी भोंग्याच्या हाताखाली फायरमन म्हणून भट्टीत कोळसा टाकायचो. घरी वहिनी जेवायला वाढताना आधी भोंग्याचा उद्धार करायच्या, मग पहिलं ताट दादापुढे ठेवायच्या. आम्ही दोघं मान डोलवून घास घ्यायचो.

आमची इंजिनं बुटकी, पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही कुशींना चिकटलेल्या. चढावर इंजिन नाक वर करून जातं. बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीकडे जमतं आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. माथा ओलांडून नाक खाली झालं की तेच पाणी पुढे पळतं. कमी असलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, त्यातलं शिशाचं बूच वितळतं आणि वाफ शिरून आग विझते. म्हणून माथ्याआधी काच भरलेली हवी. पण चढावर थंड पाणी घेतलं की वाफेचा जोर बसतो, त्यामुळे घ्यायचं की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. रीत अशी, की माथ्याखालच्या वळणावर फायरमननं पाण्याची हाक द्यायची आणि ड्रायव्हरनं काच बघून ‘दिसलं’ म्हणायचं. एकदा ‘दिसलं’ म्हटलं की पुढचं सगळं त्याच्या गळ्यात.

दादाचं बूच गेलं तेव्हा तो म्हणाला, हाक आलीच नाही. भोंगा म्हणाला, दिली होती. लोक विचारायचे, भोंग्याची हाक ऐकू आली नाही असं कसं होईल? मी म्हणायचो, दिलीच नाही तर येईल कशी? साहेबांनी मात्र भोंग्याचं ऐकलं.

मग मी त्याच्याच इंजिनावर काम मागून घेतलं. पोटात आग, तोंडात साखर. पाणी नेहमी भरलेलं ठेवायचो आणि तो मागायच्या आत चहा पुढे करायचो. भोंगा सैलावला. गप्पांच्या नादात मान न वळवताच ‘दिसलं’ म्हणायला लागला. मला हेच हवं होतं.

गाडीत माणसं फारशी नव्हती तो दिवस मी निवडला. एवढी लाज मला होती. चढ सुरू झाला तशी काच उतरू दिली. भोंगा आपल्या सासऱ्याची नक्कल करत होता. वळण आलं. मी खणखणीत हाक दिली, “पाणी अर्धं!”

“दिसलं! तर सासरा काय म्हणतो...”

मी भट्टीचं दार घट्ट लावून बाजूला सरकलो. सासऱ्याचं बोलणं अर्धंच राहिलं. माथा ओलांडला आणि भट्टीत फुस्स झालं. ब्रेक लावून भोंगा काचेकडे बघत राहिला, चेहरा पांढराफटक. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी फडक्यात तोंड खुपसलं.

चौकशीत तो खोटं बोलणार, हे मी धरूनच चाललो होतो. उत्तरं पाठ करून गेलो होतो. साहेबांनी विचारलं, “हाक दिली होती का यानं?”

“दिली होती, साहेब. ‘अर्धं’ असंच म्हणाला. मी बघितलं नाही. त्याची चूक नाही.”

त्याला इंजिनावरून उतरवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात मला नको होता.

घरी मी सगळं रंगवून सांगितलं. काच कशी उतरू दिली, हाक कशी दिली, तो कसा फसला. वहिनींनी आनंदानं मला जास्तीचं वाढलं. दादाचा घास हातातच राहिला.

“कबूल झाला तो?”

“झाला ना! सुटायला जागाच नव्हती.”

“तेव्हाही त्यानं हाक दिली होती रे,” दादा ताटाकडे बघत म्हणाला. “मीच न बघता ‘दिसलं’ म्हणालो.”

वहिनींच्या हातातला डाव पातेल्यात तसाच थांबला.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“काय बोलू? इंजिन गेलं होतं. तुम्ही दोघं माझ्या बाजूनं भांडायचात. घरात तरी मी ड्रायव्हर होतो.”

“ऊठ,” मी ओरडलो. “आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी चल. त्याच्या तोंडावर सांग हे!”

दादानं शांतपणे हात धुतला आणि उठला. “चल. मी माझं सांगतो. तू काय सांगणार?”

मी चपला घातल्या होत्या. तसाच दारात उभा राहिलो, आणि दादाचा जेवढा राग तेव्हा आला तेवढा भोंग्याचाही कधी आला नव्हता.