मी, एका हाताच्या कपड्यांची वेबसाइट

मी एक वेबसाइट बोलतेय. मोठ्या कंपनीची वगैरे नाही हो, एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. एका हाताने घालता येतील असे कपडे कसे शिवायचे, एवढंच मी लोकांना सांगत होते. 'होते' म्हटलं, कारण सध्या माझं तोंड बंद आहे. ते कसं बंद झालं, आणि माझी मालकीण दारात उभी असूनही तिला आत का येता आलं नाही, तेवढं सांगते.

माझा जन्म एका शर्टामुळे झाला.

मालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणायची, मीही ताईच म्हणते. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. लोक त्याला पेंटर म्हणायचे. त्याचं अक्षर असं, की दुकान चालो न चालो, पाटी चालायची. एके दिवशी काम आटोपून शिडीवरून उतरला तो भोवळ येऊन खालीच बसला. पक्षाघात. जीव वाचला, बोलणंही वाचलं, पण उजवा हात गेला. होता जागच्या जागी, पण असून नसल्यासारखा.

रोज सकाळी बटणं लावून घ्यायला बायकोपुढे लहान मुलासारखं उभं राहायचं, हे काही त्याच्या पचनी पडेना. हळूहळू त्याने बाहेर जाणंच सोडलं. "मला कुठे जायचंय आता?" म्हणायचा आणि दिवसभर बनियनवर बसून राहायचा.

ताईने त्याचा एक जुना शर्ट उसवला. बटणपट्टीच्या आत वेल्क्रोची चिकटपट्टी बसवली आणि वरून तीच जुनी बटणं नुसती दिसण्यापुरती टाचली. गळ्यापाशी ती पट्टी टोचली असती, म्हणून तिथे मऊ अस्तर लावलं. बाही काखेत जरा सैल केली, म्हणजे लुळा हात आधी सरकवता येईल. मग शर्ट खुंटीला अडकवला आणि आपल्या कामाला लागली.

पेंटरने तो खुंटीवरून काढला. आधी उलटा घातला, मग वाकडा, मग घामाघूम होऊन एकदाचा नीट. मध्ये एकदा त्याने तो रागाने फेकलाही, आणि स्वतःच वाकून उचलला. शिवणयंत्राच्या आडून ताईने फोन धरला होता. शेवटी त्याने कॉलर सारखी केली आणि म्हणाला, "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

एवढाच तो व्हिडिओ. नंतर ताईने दाखवला तेव्हा तो आधी चिडला, मग पुन्हा एकदा लावायला सांगितला. "दाखव लोकांना," म्हणाला. "एका हाताचा मी काही एकटाच नाही."

म्हणून मी.

आता मला जागा हवी होती. आम्ही वेबसाइटा काही हवेत राहत नाही. कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या कंप्युटरवर भाड्याने खोली घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात. आणि लोकांनी तिथे पोहोचावं म्हणून एक पत्ता लागतो, तो वेगळा घ्यायचा असतो. ताईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ छपाईच्या दुकानात कंप्युटरवर बसायचा, म्हणून घरात तोच जाणकार.

"ही बघ," भाऊ म्हणाला. "सगळ्यात स्वस्त कंपनी. जागा अमर्याद, वर पत्ता फुकट."

"अमर्याद म्हणजे किती?" कापड असो की शब्द, मापल्याशिवाय घ्यायची तिला सवय नव्हती.

"अमर्याद म्हणजे अमर्याद! ताई, तू खोली घेतेयस की मुलीला स्थळ बघतेयस?"

"मग त्या शब्दाच्या डोक्यावर चांदणी कसली?"

"तशी सगळेच लावतात."

खाटेवरून पेंटर म्हणाला, "पाटीवर बारीक अक्षर कधी घालतात, ठाऊक आहे का? गिऱ्हाइकाने वाचू नये असं वाटतं तेव्हा. मी जन्मभर घातलीयत."

"भावोजी, सवलत आजच संपतेय!"

पडद्यावर खरंच एक घड्याळ उलटं पळत होतं. ते पळतं घड्याळ बघितलं की भल्याभल्यांची अक्कल त्याच्या मागे पळते. ताईने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि म्हणाली, "बरं, घे."

खातं उघडताना ईमेल मागितला. ताईचा स्वतःचा नव्हता. भावाने आपल्या दुकानाचा टाकला. "नंतर बदलू," म्हणाला.

मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी पाय धरले असते त्याचे. नंतर बदलू म्हटलेली गोष्ट जगात कुणी बदललीय का?

पण सुरुवातीचे दिवस सुखाचे होते, खोटं कशाला बोलू. खोली दाटीवाटीची. एका बाजूला एक फोटोग्राफर, दुसरीकडे पिंजऱ्यातले पक्षी विकणारा कुणी, पलीकडे नळ दुरुस्त करणारा. सगळ्यांचा नळ एकच, त्यामुळे एकाने जोरात सोडला की बाकीच्यांची धार बारीक व्हायची. पण निभत होतं.

ताई शिवण संपवून माझ्याजवळ बसायची. बेतणीचे कागद टेबलावर पसरून त्यांचे फोटो काढायची, खाली सोप्या भाषेत लिहायची: इथे कापा, इथे दुमडा, इथे टीप घाला. माझं नाव पेंटरने डाव्या हाताने रंगवलं. अक्षरं जरा कलली होती. भाऊ म्हणाला, कंप्युटरवर सरळ करून देतो. ताई म्हणाली, "खबरदार."

मग लोक येऊ लागले. कुणाचा हात यंत्रात गेलेला, कुणाचा जन्मापासून नसलेला. लोक व्हिडिओखाली लिहायचे. एका शिक्षिकेने लिहिलं, की आता शाळेत जाताना शेजारणीचं दार वाजवावं लागत नाही. एकाने लिहिलं, "तुम्ही शर्ट फेकलात ना, तिथे मी रडलो. मीही रोज फेकतो." पेंटर त्या सगळ्यांना उत्तरं द्यायचा. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत. त्याचं जेवण निवायचं, ताई हाका मारायची, हा म्हणायचा, "अगं थांब, माणूस खोळंबलाय तिकडे." पाट्या गेल्यापासून त्याच्यासाठी कुणी खोळंबलं नव्हतं.

फोनमधली जागा भरली तेव्हा ताईने जुने व्हिडिओ पुसून टाकले. वेबसाइटवर आहेत ना, मग इथे कशाला? माझ्यावर एवढा विश्वास. मी काय बोलणार?

एका इस्पितळातल्या नर्सबाईंनी मला पाहिलं. त्यांनी आपल्या विभागातल्या सगळ्या रुग्णांना माझा पत्ता दिला, दारावर छापून लावला, ओळखीच्या नर्सना पाठवला. त्यांनी पुढे पाठवला. मग लोंढाच आला. मला तर आनंद झाला, पण कंपनीला झाला नाही. चांदणीखालच्या बारीक अक्षरात लिहिलंच होतं: एकाच वेळी फार माणसं आली, तर जागा बंद करण्याचा हक्क आमचा.

माझ्या दारावर राखाडी पाटी लागली. 'हे खाते स्थगित आहे. मालकाने संपर्क साधावा.' आत मी होते तशीच, सगळं सामान जागच्या जागी. फक्त दार बंद.

ताईने संपर्क साधला. फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. तेव्हा लिहून विचारलं. उत्तर तात्काळ आलं: आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा महत्त्वाचा ठरला. शेवटी मोठी खोली घ्या असं सांगण्यात आलं. "घेऊ," ताई म्हणाली, "काय होईल ते होईल." मग त्यांनी म्हटलं, आधी तुम्हीच मालक आहात हे सिद्ध करा. नोंदवलेल्या ईमेलवर एक आकडा पाठवलाय, तो सांगा.

ताईने भावाला बोलावून घेतलं.

तो आला आणि ऐकून खुर्चीतच खचला. छपाईचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं. मालक गाशा गुंडाळून गेला होता, ईमेलही त्याच्याबरोबर गेला.

"माझा फोटो दाखवते त्यांना," ताई म्हणाली. "पेंटरना समोर उभं करते. व्हिडिओत दिसतायत ना ते?"

"ताई, समोर माणूस असेल तर दाखवशील ना. तिकडे माणूसच नाही."

"मग निदान माझं सामान तरी परत द्या म्हणावं."

"त्यालाही तोच आकडा लागतो."

"आणि पत्ता? तो तर आपला आहे."

भावाने मान खाली घातली. फुकट मिळालेला पत्ताही त्याच खात्यात अडकला होता. ताई त्याला काही टाकून बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पेंटरने एवढंच विचारलं, "म्हणजे ज्यांनी लिहिलंय, त्यांना आता मी उत्तर देत नाही असंच वाटत असेल?"

त्यानंतर बरेच दिवस तो पुन्हा बनियनवर बसून होता म्हणे. म्हणे म्हणते, कारण त्या घरातलं मला पुढचं दिसलं नाही. जे कळलं, ते माझ्या धाकट्या बहिणीकडून.

हो, मला बहीण झाली. ताईने या वेळी घाई केली नाही. कंपनी निवडण्याआधी तिने प्रत्येकीला एक साधा प्रश्न विचारला, आणि जिथून खऱ्या बाईने फोन उचलला तिथे खोली घेतली. तीही काही महाग नाही. स्वस्त असणं हा गुन्हा नव्हेच. खातं ताईच्या स्वतःच्या नावावर, पत्ता वेगळा घेतलेला, सगळ्या सामानाची एक प्रत घरात. पेंटरने नवा व्हिडिओही केला. पण आता त्याचा डावा हात तयार झालाय. शर्ट कसा झरकन अंगात जातो! बघणारे वाहवा करतात. शर्ट फेकणारा, वाकून उचलणारा पेंटर मात्र माझ्यापाशीच राहिला. तो पुन्हा करून दाखवता येत नाही. ताईने एकदा म्हणून पाहिलं, तर त्याला हसू आलं.

वेबसाइट काढणाऱ्यांनो, एवढंच मागते. खोली लहान घ्या, स्वस्त घ्या, पण किल्ली आपल्या नावाची घ्या. बारीक अक्षर वाचा. उलट्या घड्याळाकडे पाठ करा. घेण्याआधी एकदा हाक मारून बघा, पलीकडे ओ देणारं कुणी आहे का. आणि आमच्यावर जीव लावा, पण सगळा जीव आमच्यातच ठेवू नका.

माझं म्हणाल, तर मुदत संपली की मला पुसतील. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की नर्सबाईंनी दिलेला माझा पत्ता अजून कुठे कुठे फिरतोय, आणि लोक माझ्याकडेच येतात. बहिणीचा पत्ता सांगायला मला तोंड नाही.

काल कुणीतरी आलं होतं. 'एका हाताने तान्ह्या बाळाला कपडे' असं शोधत आलेलं. पाटीपाशी बराच वेळ थांबलं. गेलं. परत आलं. पुन्हा थांबलं, आणि मग गेलं ते गेलंच.

झबल्याची बेतणी माझ्याकडे आहे. तिसऱ्या पानावर, सगळ्यात वर.