पिस्तुलावरचं कुंकू

पिस्तूल मी निवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बऱ्याच गोष्टी मी नशिबावर ढकलेन, तशी माझी सवय आहे. पण अकोल्याच्या दुकानात दोन हत्यारं शेजारी शेजारी मांडली होती तेव्हा एकावर बोट ठेवलं ते मी. आणि त्याच हत्यारानं माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ गेला.

साल त्रेसष्ट. सुलतानपूरला आमची शेती मोठी, माझं वय तिशीच्या आतलं, आणि अंगात मस्ती भरपूर. बापानं नाव हिंमतराव ठेवलं होतं. ते शोभावं म्हणून कमरेला काहीतरी लटकवलं पाहिजे असं मला सारखं वाटायचं.

आमच्या घरी दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची. आजोबांची ठासणीची बंदूक होती. रिकामं हत्यार देवापुढं ठेवायचं नाही, असा आजोबांचा दंडक. म्हणून सकाळी तिच्यात दारू ठासायची, तिला हळदकुंकू लावायचं, आणि संध्याकाळी शिवेवर जाऊन आभाळाकडं बार काढायचा. त्या बारापर्यंत पूजेचं कुंकू पुसायचं नाही की मोडायचं नाही. पुढं तिची नळी गंजून फाटली आणि ती पोलिसांकडं जमा झाली. दोन दसरे आईनं विळे-कोयते पुजले. दोन्ही वेळा तिनं तोंड पाडून आरती केली.

मग मी बुलढाण्याला खेटे घातले. अर्जात लिहिलं, शेत गावापासून लांब आहे, जीवाला धोका आहे. धोका कुणाकडून, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. मेहकरच्या बाजारात कोटाखाली पिस्तूल लावून हिंडावं, लोकांनी कुजबुजावं, एवढीच खरी हौस. वर्षभरानं लायसन हातात आलं.

निवडायला सोबत कुणाला न्यायचं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मोतीराम, माझ्या बायकोचा, रुख्मिणीचा, थोरला भाऊ. बीबी गावचा. आठ वर्षं पलटणीत काढून आलेला आणि आता वांगी-मिरच्या लावून सुखात राहणारा. मोजकं बोलायचा. बंदुकीला हात लावायच्या आधी ती उघडून पाहायचा, मग ती दुकानातली असो की दुसऱ्याच्या खांद्यावरची. रुख्मिणी तर त्याला चिडवायची, "दादा, पाण्याचा तांब्याबी उघडून पाह्यशील तू." आईबाप लवकर गेले होते. तिला वाढवलं, लग्न लावून दिलं ते यानंच.

दुकानदारानं आधी रिव्हॉल्वर काढलं. जाडजूड, काळं, दिसायला अगदीच रांगडं. मोतीरामनं त्याचं पोट उघडलं, सहा घरं फिरवून दाखवली आणि म्हणाला, "हे घ्या जवाईबापू. गोळी हाय का नाई ते डोळ्यानं दिसते. नव्या माणसाले दिसलं पाह्यजे."

तेवढ्यात दुकानदारानं मखमलीच्या फडक्यातून दुसरं काढलं. लढाईच्या आधीचं विलायती पिस्तूल, जुन्या घाटाचं. चपटं, निळसर पोलाद, मुठीला अक्रोडाचं लाकूड, मागं छोटा घोडा. हातात घेतलं आणि ते माझंच होतं असं वाटलं. मुलगी पाहायला जावं आणि पहिल्याच पोह्यांना होकार देऊन मोकळं व्हावं, तसं माझं झालं.

"हे," मी म्हणालो.

मोतीरामनं मान हलवली, पण मोडता घातला नाही. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि दुकानातच माझी शाळा भरवली. खाली मुठीत गोळ्यांचं मॅगझिन बसतं. वरची पाटी मागं ओढून सोडली की त्यातली एक गोळी नळीत चढते. "आता मॅगझिन काढलं," तो म्हणाला, "म्हंजे रिकामं झालं असं समजू नोका. नळीतली गोळी तशीच बसून राह्यते. पाटी मागं ओढा, ते बाहीर पडन, मंग नळीत पाहा. मंगच रिकामं." त्यानं माझ्याकडून ते दहा वेळा करून घेतलं. दुकानदार हसत होता. अकराव्यांदा मी कंटाळलो आणि म्हणालो, "मोतीरामभाऊ, मी काय लहान आहे का?" तो नुसता हसला.

येताना एसटीत मी ते मांडीवरच्या पिशवीत धरून बसलो होतो. मोतीराम खिडकीला डोकं टेकून झोपला होता. तो झोपलेला चेहरा मला अजून दिसतो.

दसऱ्याला आई पहाटेपासून खूश होती. मी आजोबांचा दंडक पाळला. मॅगझिन भरलं, पाटी ओढली, गोळी नळीत चढवली, आणि पिस्तूल पाटावर ठेवलं. भरलेलं म्हणजे पुरतं भरलेलं, असा माझा हिशेब. आईनं पूजा केली. मुठीच्या लाकडावर हळदकुंकू वाहिलं, वरच्या पाटीवर कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. बीबीहून भाऊ येणार म्हणून रुख्मिणी स्वयंपाकघरात पुरण वाटत होती.

पूजा झाल्यावर घरात पोरंटोरं फिरतात हे माझ्या ध्यानात आलं. एवढी अक्कल मला होती. पिस्तूल रिकामं करावं, संध्याकाळी शिवेवर पुन्हा भरता येईल, म्हणून मी मुठीवरचं कुंकू सांभाळत ते कडेनं उचललं. खालून मॅगझिन काढलं. आता पाटी ओढायची, तर तिथंच आईची पाच बोटं. पाटी ओढायची म्हणजे नेमकं त्याच कुंकवावर चिमटीत धरायची आणि ते फरपटायचं. आई समोर बसली होती. शिवेवर बार काढायच्या आधीच मोडलेलं कुंकू तिला कसं वाटेल हे मला ठाऊक होतं. आणि मॅगझिन तर माझ्या हातात होतं. मी पाटी ओढली नाही. आईचं कुंकू राखलं.

अकराच्या सुमाराला मोतीराम सायकलवर आला. शर्टाच्या खिशात आपट्याची पानं. रुख्मिणी आतून ओरडली, "दादा, आलेच मी, हात पुरणाचे हायेत." आई शेजारी सोनं द्यायला गेली होती. सोप्यात आम्ही दोघंच. मला दम कुठला! मी पाटावरचं पिस्तूल मूठ आवळून उचललं आणि त्याला दाखवायला लागलो. चाप किती हलका आहे ते.

"उघडून पाह्यलं का?" मोतीरामनं विचारलं.

"मॅगझिन काढलंय की."

"तसं नाई, जवाईबापू. द्या इकडं." त्यानं उजवा हात पुढं केला.

माझं बोट चापावरच होतं. बार झाला. त्याचा हात माझ्यापर्यंत पोचलाच नाही. तो भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसला, डाव्या हातानं पोट धरून. उजवा हात तसाच पुढं. मी पिस्तूल टाकलं ते त्याच्या पायाशी पडलं. माझा तळहात कुंकवानं लाल झाला होता. रुख्मिणी दारात आली तेव्हा तिनं काय काय पाहिलं, ते मला त्या वेळी कळलं नाही.

कापूस व्यापाऱ्याच्या जीपमधून आम्ही मेहकरच्या दवाखान्यात गेलो. रस्ताभर मोतीरामचं डोकं रुख्मिणीच्या मांडीवर होतं आणि त्याचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता. दवाखान्यात पोलीस जमादार जबाब घ्यायला आला. मी भिंतीशी उभा होतो. खरं बोलायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण जमादारानं आधी मोतीरामला विचारलं.

"माह्याच हातून उडाली साहेब," मोतीराम म्हणाला. "पाहायले घेतली, आन उडाली. जवाईबापू देवघरात होते."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी वाचलो असतो. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून पोटात गोळी घेऊन पडलेला माणूस खोटं बोलत होता, आणि मी, हिंमतराव, जमादारासमोर मान खाली घालून "हो" म्हणालो. दिवे लागायच्या वेळी मोतीराम गेला. त्याच्या खिशातली आपट्याची पानं कपड्यांसोबत एका गाठोड्यात आमच्या हवाली केली गेली.

लायसन रद्द झालं, पिस्तूल जमा झालं, केस मिटली. गावानं मलाच धीर दिला. आई म्हणाली, पूजेत काही चुकलं असेल. मी तिला सांगितलं नाही काय चुकलं ते.

बावीस दिवसांनी भाऊबीज आली. त्या साली घरात दिवाळी नव्हती, पण रुख्मिणीनं ताट तयार केलं. ज्या बाईला भाऊ नाही ती बीजेच्या चंद्राला ओवाळते. दिवस मावळताच ती जिना चढून घराच्या धाब्यावर गेली, मी मागोमाग गेलो. बीजेची कोर पश्चिमेला जेमतेम दिसत होती. तिनं ओवाळलं, अक्षता आभाळाकडं टाकल्या, आणि मग ताट घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चंद्र काई ओवाळणी टाकत नाई," ती म्हणाली. "दादाची ओवाळणी तुम्ही टाका."

मोतीराम दर वर्षी पाच रुपये टाकायचा. मी खिशातून दहाची नोट काढून ताटात ठेवली. तिनं ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"हे नाई. त्याचा हात रस्ताभर माह्या हातात होता. एक बोटबी लाल नव्हतं. कुंकू तुमच्या तळहाताले होतं, मी दारातूनच पाह्यलं." दिव्याची वात थरथरत होती, तिचा आवाज मात्र नाही. "दादा खोटं बोलला ते माह्यासाठी बोलला. मी कोणाले सांगणार नाई. घर मोडणार नाई. पण मले एक डाव तुमच्या तोंडानं सांगा. हेच टाका ताटात. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

इतकं सोपं होतं. तीन-चार शब्द. तिला सगळं ठाऊक होतं, तिनं आधीच पदरात घेतलं होतं, नुसतं मला बोलायचं होतं. आणि मग मी माझ्याच कानांनी माझा आवाज ऐकला.

"मोतीरामभाऊच्याच हातून उडाली, रुख्मिणी. त्यानं सांगितलं ना."

तिनं दिव्याची वात पुढं सारली. मग म्हणाली, "बरं," आणि ताट सांभाळत जिना उतरून गेली.

त्यानंतर आमचा संसार झाला. दोन मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. रुख्मिणीनं मला कधी शिळं वाढलं नाही, कधी उलट उत्तर दिलं नाही. माझ्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसली. फक्त दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळून झालं की ती ताट घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहायची. एक शब्द बोलायची नाही. थोडा वेळ थांबायची आणि खाली जायची. एकतीस वर्षं. एकतीस वेळा मी त्या ताटाकडं पाहत उभा राहिलो, आणि दर वेळी मला वाटायचं, पुढच्या वर्षी नक्की.

गेल्या श्रावणात ती गेली. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर होती. मी उशाशी होतो. तेव्हाही मी तिला पाणीच पाजत बसलो.

यंदा भाऊबीजेला मी एकटाच धाब्यावर चढलो. गुडघे दुखतात, जिना अवघड जातो. कोर तशीच बारीक होती. सगळीकडं पोरींचे आवाज येत होते, भावांना पाटावर बसवण्याची गडबड चालली होती. मी तिच्या जागेकडं तोंड करून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "माझ्या हातून उडाली."

खालून सुनेचा आवाज आला, "मामाजी, काई म्हणून राह्यले का?"

"काई नाई," मी म्हणालो.