सरळ रेघ

"बाबा, आज काय सांगते तुजी रेघ?" बुधीने केर काढता काढता विचारलं.

हा प्रश्न ती त्या आठवड्यात रोज सकाळी विचारत होती. मी चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे पाहायचो, जणू आधी पाहिलंच नव्हतं, आणि म्हणायचो, "शांत आहे."

"मंग आतच निजू ना?"

त्यावर मी काय म्हणायचो ते नीट आठवून लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. "निजा" असं मी कधी म्हटलं नाही. पण "निजू नका" असंही म्हटलं नाही. "रेघ तर सरळ आहे," एवढंच म्हणायचो. तिला तेवढं पुरत होतं. ती मान हलवून पुन्हा केरसुणी फिरवू लागायची.

उमरोळीला आमचं बैठं घर आहे, मागे चिकूची चार झाडं आणि त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं भांडारात कारकुनी केली. निवृत्त झालो तेव्हा धीरज, माझा मुलगा, बंगळुरूला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे टाकून गेला. क्लासला जायची लाज वाटली. चार पोरांमध्ये बसून प्रश्न विचारणं मला जमलं नसतं. पुस्तकं आणली आणि एकटाच शिकलो. अर्धवट शिकलो म्हणणं जास्त बरोबर.

पहिला प्रोग्राम केला तो माझ्या पुस्तकांच्या यादीचा. अकराशे पुस्तकं, कुठलं कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर. माझ्या बायकोने, आनंदीने, तो पाहिला आणि म्हणाली, "पुस्तक कुठं हाय ते यंत्राला ठाऊक. मिठाचा डबा कुठं हाय ते तुमाला ठाऊक नाय." मग गच्चीवरची टाकी भरली की वाजणारी घंटा केली. ती घंटा टाकी वाहून अंगणात पाणी आल्यावर वाजायची. आनंदी म्हणायची, तेव्हा मला दिसतंच की. तरी तिने ती काढू दिली नाही.

तिसरं काम या रेघेच्या डबीचं. डहाणू-तलासरीकडे काही वर्षांपासून जमीन हादरते. त्या हिवाळ्यात मनोरच्या अलीकडच्या पाड्यांपर्यंत धक्के जाणवू लागले होते. मी एक डबी मागवली. तिच्यात स्प्रिंगला टांगलेलं चुंबक असतं आणि भोवती तारेचं वेटोळं. जमीन हलली की तारेत किंचित वीज येते आणि स्क्रीनवरची रेघ वर उठते. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर ती डबी सिमेंटने पक्की केली. रेघ पहिल्यांदा उठली ती आनंदीच्या मिक्सरने. चटणी होईपर्यंत मी हरखून पाहत राहिलो.

बुधी आमच्याकडे सात वर्षं कामाला आहे. बोईसरहून चिल्हारच्या रस्त्याला आत तिचा पाडा. सकाळी टमटमने येते, दुपारी परत जाते. त्यांना सरकारी घरकुलातून विटांचं घर मिळालं आहे. जुनी कारवीच्या काठ्यांची हलकी झोपडी शेजारीच उभी आहे, तिच्यात बकऱ्या बांधतात. त्या हिवाळ्यात नव्या घराच्या भिंतीला तडा गेला आणि सगळी माणसं अंगणात निळ्या ताडपत्रीखाली झोपू लागली. तिची सून बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. मुलगा वीटभट्टीवर, भिवंडीकडे. पहाटेच्या गारठ्याने बाळाची छाती वाजायची. बुधी ते सांगायची तेव्हा स्वतःच्या छातीवर हात ठेवायची.

डबी बसवली त्या दिवशी तिने विचारलं होतं, हे कळवील का? मी तिला समजावलं होतं की झालेलं ते लिहितं, होणारं त्याला कळत नाही. पण मी हळू आवाजात बोलतो, आणि बोलतो तेही पुस्तकातल्यासारखं. तिने ऐकलं ते "कळवील" एवढंच असावं. ते मला तेव्हाच जाणवलं होतं. मी पुन्हा सांगितलं नाही.

अडचण मालगाड्यांची होती. दर थोड्या वेळाने गाडी जायची आणि रेघ साळिंदरासारखी उभी राहायची. बुधी खोलीत असली की केरसुणी टाकून दारात पळायची. "गाडी आहे ती," मी म्हणायचो. ती खिडकीशी जाऊन खरंच गाडी आहे का ते पाहायची, डबे मोजल्यासारखी शेवटपर्यंत पाहायची. तिचा चेहरा त्या वेळी पाहवत नव्हता. म्हणून मी एक गाळणी लिहिली. धक्का क्षणाचा असतो आणि गाडी लांबते, असा हिशोब केला. आठ सेकंदांहून जास्त चाललेली थरथर म्हणजे गाडी, ती रेघेतून पुसून टाकायची. आठच का, याला काही आधार नव्हता. बरा वाटला तो आकडा.

शनिवारी सकाळी गाळणी लावली आणि रेघ सरळ झाली. गाडी धडधडत गेली, टेबलावरचा पेला किणकिणला, रेघ हलली नाही. बुधी किती तरी वेळ बघत राहिली. सोमवारी आली तेव्हा तिने सांगितलं की शनिवारपासून ती माणसं घरात निजताहेत. पोर दोन्ही राती खोकललं नाही. त्या दिवशी मी आनंदीला दोनदा चहा करून दिला. माझ्या एखाद्या खेळण्याचा कुणाला उपयोग झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

गुरुवारी दुपारी बुधी निघून गेल्यावर शेजारचा बळवंत फाटकाशी आला. पहाटे काही जाणवलं का, असं त्याने विचारलं. मनोरला त्याच्या साडूच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली होती.

"नाही बुवा," मी म्हणालो. "रेघ सरळ होती." माझ्या आवाजात थोडा तोरा होता, तो मला अजून ऐकू येतो.

"मंग भांड्यांना तुमची रेघ दिसली नसंल," बळवंत म्हणाला आणि हसत गेला.

मी येऊन खुर्चीत बसलो. मला काही टाकून देता येत नाही, जुनी पावतीसुद्धा. गाळणीत घालण्याआधीची मूळ रेघ मी दुसऱ्या ठिकाणी साठवत होतो. ती उघडली. पहाटेची वेळ शोधली. एक उभा फटकारा होता आणि त्यामागे बारीक होत गेलेलं लांब शेपूट. मोजलं. सतरा सेकंद. धक्क्यालाही शेपूट असतं, हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. माझ्या गाळणीने शेपूट पाहिलं, त्याला गाडी म्हटलं आणि पुसून टाकलं.

मग शनिवारपर्यंत मागे गेलो. गाड्या फुगत येतात आणि विरत जातात, त्यांचा आकार वेगळा असतो, एकदा समजलं की लगेच ओळखू येतो. त्यांच्यामधे हे दुसरे, धक्क्यांचे फटकारे उभे होते. तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा अकरा आले. मी माऊस सोडून उठलो.

आनंदी ओटीवर वाल सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, हातातला वाल सोलून टोपात टाकला आणि म्हणाली, "फोन करा."

बुधीच्या घरचा फोन तिच्या मुलाकडे होता, भट्टीवर. दोनदा लावला. बंद होता.

"मंग जा."

"मी? मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंत तेच."

निवृत्तीच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. कागद लिहून नेला होता, तो खिशातच राहिला आणि मी नमस्कार करून खाली बसलो. आनंदीला ते ठाऊक आहे. तिने आतून माझी शाल आणली, खांद्यावर टाकली. "अंधार पडायच्या आत पोचा," एवढंच म्हणाली.

रिक्षाने बोईसर गाठलं. चिल्हार रस्त्याच्या टमटमवाल्याला दहा माणसं हवी होती, आठच झाली होती. कारखान्याची पाळी सुटलेली दोन माणसं हिंदीत कुठल्या तरी मुकादमाची नक्कल करत हसत होती. मी बसून होतो. इंजिनाच्या थरथरीने माझे गुडघे हलत होते आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, ही टमटम आहे की ते? वाटेत खड्ड्याला गाडी आपटली तेव्हा मी शेजारच्या बाईचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि सरकून बसली.

पाड्याचा फाटा आला तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. तिथून वीस मिनिटांची चढण. लांबून छपरं दिसायला लागली तशी मी ती मोजू लागलो. किती असायला हवीत ते मला माहीत नव्हतं. तरी मोजत होतो.

बुधीचं घर उभं होतं. अंगणात ती सुपात भात पाखडत होती. मला पाहून ती उठली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "बाय बरी हाय ना?" आनंदीला काही झालं असं तिला वाटलं. ती बरी आहे, अशी मी मान हलवली. दारातून आत दिसत होतं. खाट भिंतीला लावलेली, तड्याच्या अगदी खाली, आणि खाटेवर सून बाळाला घेऊन पडली होती.

"आधी त्यांना बाहेर घे," मी म्हणालो.

बुधीचा नवरा देवू मागून आला. शेजारपाजारची पाच-सहा माणसं जमली. बुधीच्या कामावरचा बाबा पाड्यावर आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी शालीचं टोक मुठीत धरून सांगितलं की शनिवारपासून जमीन अकरा वेळा हलली आहे आणि मी बुधीला रोज शांत आहे म्हणून सांगितलं. कुणी तरी मागून हसलं. ते थट्टेचं नसावं, काय करावं ते न सुचून आलेलं असावं.

देवूने विचारलं, "मंजे यंतर खोटं बोललं?"

"यंत्राने बरोबर लिहिलं होतं. मी ते पुसलं."

"कशापायी?"

बुधी घाबरायची म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की रोज सकाळी कुणी तरी मला काही विचारत होतं, आणि "शांत आहे" म्हणायला मला आवडत होतं. ते तिथे उभं राहून बोलता आलं नाही.

देवू भिंतीकडे गेला. तड्यात त्याने आगपेटीच्या काड्या घालून दाखवल्या. "शनवारी येक काडी जाय. आज दोन जातात. मी बोललो हिला. तर ही बोलली, बाबाची रेघ सरळ हाय."

बुधी खाली पाहत होती. तिच्या पायांना राख लागली होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माज्या पायाला कळलं व्हतं. दोनदा."

"मग?"

"तू शिकलेला. मी बोलले, माजाच पाय खोटा."

देवूने कारवीच्या झोपडीतून बकऱ्या हाकलल्या. बायांनी आतली जमीन झाडून पेंढा पसरला. मी खाटेचा एक पाय धरायला पुढे झालो, पण शाल अडकत होती आणि मी मधेच येत होतो. तेव्हा सुनेने बाळ माझ्या हातात दिलं, कारण तिथे रिकामे हात तेवढेच होते. त्याचं वजन दोन पुस्तकांएवढं असेल. ते जागं होतं. मी अंगणाच्या मध्यावर, भिंतीपासून जमेल तितका लांब, उभा राहिलो आणि माझ्या पायाखाली जमीन हलू लागली. ओरडणार होतो. मग दिसलं की शेजारच्या सुपातलं भात हलत नाहीये. हलत होतो तो मी. बाळाने हातपाय ताणले आणि पुन्हा मुठी मिटल्या. ती खाट झोपडीत लागेपर्यंत मी त्या सुपावरची नजर काढली नाही.

बुधी मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. टमटम आली तेव्हा तिने ड्रायव्हरला सांगितलं, बाबाला म्होरं बसव, आणि मला रोजच्यासारखं म्हणाली, "उद्या येते."

ती भिंत अजून पडलेली नाही. कदाचित पडणारही नाही. बाळ झोपडीत बरं आहे, कारवीच्या कुडाला ऊब असते असं बुधी आनंदीला सांगत होती. मी गाळणी काढून टाकली. आता प्रत्येक मालगाडीला रेघ उभी राहते, राहू देतो. रात्री जाग आली तर उठून पाहत नाही, कारण पाहिलं तरी उद्याचं रेघेत नसतं.

पहिले काही दिवस मी सकाळी बुधीच्या प्रश्नाची वाट पाहिली. उत्तरही तयार ठेवलं होतं, मोठ्या आवाजात द्यायचं, सोप्या शब्दांत. तिने विचारलं नाही. अजून विचारत नाही. ती खोलीत येते, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला टेबलावर स्क्रीनच्या शेजारी ठेवते आणि केरसुणी हातात धरून उभी राहते. पाण्यावर वर्तुळं येतात. वर्तुळं निवेपर्यंत बुधी पाहत राहते. स्क्रीनकडे तिचं लक्ष नसतं.

मी तेवढा वेळ खुर्चीत पाय वर घेऊन बसतो, माझा धक्का पाण्याला लागू नये म्हणून.